रात्रीची गाडी : इस्तंबूल ते गोरेमे

परदेशांत रात्रीच्या बसनें प्रवास केला म्हणजे एका रात्रीचें हॉटेलचें भाडें वाचतें, असा हिशेब आमच्यासारखे मध्यम स्थितींतील प्रवासी नेहमींच करीत असतात. निजावयाचें तर आहेच. मग तें चालत्या गाडींत कां निजूं नये? सकाळीं डोळे उघडावे तों नवें गांव! हा हिशेब कागदावर इतका निर्दोष दिसतो कीं, त्यांत कांहीं रकमा मांडावयाच्या राहून गेल्या आहेत हें ध्यानांतहि येत नाहीं. आमच्याहि आलें नाहीं. २०२४ सालच्या मे महिन्यांत आम्ही आमच्या मातोश्रींसह तुर्कस्तानांत गेलों होतों. त्या प्रवासांतील एका रात्रीची हकीकत येथें सांगावयाची आहे. तींत आमची शोभा होण्यासारखें फारसें कांहीं नाहीं, हें आरंभींच कबूल करून टाकतों.

मातोश्रींचें वय एकाहत्तर. मुलींच्या शाळेंत तीस वर्षें त्यांनीं भूगोल शिकविला, फळ्यावर सारें जग खडूनें रेखाटलें, आणि स्वतः मात्र काशी-रामेश्वरापलीकडे गेल्या नाहींत. तुर्कस्तानच्या मध्यभागीं कापादोकिया नांवाचा प्रदेश आहे. तेथील दगडी सुळक्यांचें एक चित्र त्यांच्या जुन्या पुस्तकांत होतें, आणि "हे दगड एकदां पाहावयाचे आहेत" हें वाक्य आमच्या घरांतील लहानथोरांस पाठ झालें होतें. अखेर योग आला. वडीलबंधूंनीं खर्चाचा वांटा उचलला. मुलाच्या परीक्षेमुळें सौ.ला निघतां येईना. थोरल्या वहिनींनीं पांच-सहा दिवस टिकतील अशा दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि आमच्यासाठीं गुळपापडीच्या वड्या बांधून दिल्या. मातोश्रींस मधुमेह आहे. तेव्हां वड्यांवर त्यांचा हक्क नव्हता.

इस्तंबूलहून कापादोकियांतील गोरेमे हें गांव सुमारें ७३० किलोमीटर. विमानानें कायसेरीपर्यंत सव्वा तास आणि पुढें तासाभराचा रस्ता. बसनें मात्र संबंध रात्र, म्हणजे दहा-अकरा तास लागतात. बस आम्हींच ठरविली. मातोश्रींनीं एवढेंच विचारलें, "गाडींत जाण्यायेण्याची सोय असेल ना रे?" तुर्कस्तानांतील लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांत शौचकूप नसतो. हें आम्हांस ठाऊक होतें. "थांबे पुष्कळ असतात," असें आम्हीं उत्तर दिलें. तें खोटें नव्हतें; पण विचारलेल्या प्रश्नाचें तें उत्तरहि नव्हतें.

तिकीट काढतांना एक नवलाची गोष्ट कळली. पासपोर्टच्या क्रमांकाबरोबर प्रवासी स्त्री आहे कीं पुरुष हें सांगावें लागतें. आणि एकट्या स्त्रीच्या शेजारचें आसन अनोळखी पुरुषास देत नाहींत. गाडींत एका बाजूस जोडआसनें व दुसऱ्या बाजूस एकेरी आसनें होतीं. आम्ही गेलों तेव्हां दोनच आसनें शिल्लक : पुढें तिसऱ्या ओळींत एकेरी, आणि पार मागें एका बाईशेजारचें. म्हणजे वांटणी आपोआपच झाली. मायलेकांनीं सहा ओळी दूर बसावयाचें! आम्हांस थोडें अवघडल्यासारखें झालें. मातोश्रींस कांहींच वाटलें नाहीं. "मी काय हरवणार आहें? गाडी बंदच तर असते," त्या म्हणाल्या.

इस्तंबूलचें मोठें बसस्थानक १९९४ सालीं सुरू झालें. त्यास तेथें ओटोगार म्हणतात. शब्द फ्रेंचांकडून आला. दीडशेंहून अधिक फलाट, त्यांभोवतीं कंपन्यांच्या कचेऱ्या, आणि सदैव जत्रेची गर्दी. सैन्यांत भरती होण्यास निघालेल्या एका मुलाला पोंचविण्यासाठीं त्याचे मित्र ढोल आणि सनईसारखें वाद्य घेऊन आले होते व फलाटावर फेर धरून नाचत होते. एक वृद्धा पाण्याची बाटली घेऊन बाजूस उभी होती. गाडी हलतांच तिनें चाकांमागें पाणी ओतलें. पाण्यासारखा सुरळीत जा आणि पाण्यासारखा परत ये, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे निघणाऱ्याच्या हातावर दहीं घालतात, त्याची मातोश्रींस आठवण झाली.

ह्या पाहण्यासंवरण्यांत एक चूक होऊन गेली. गाडीचा मदतनीस (त्यास तेथें मुआविन म्हणतात) सामान घेण्यास आला, तेव्हां आम्हीं मोठ्या शिताफीनें तिन्ही पिशव्या त्याच्या हवालीं केल्या, क्रमांकाचे बिल्ले घेतले आणि हात मोकळे झाल्याचें समाधान मानलें. तिसऱ्या पिशवींत दशम्या होत्या. मातोश्रींनीं पावणेनऊ वाजतां, गाडींत बसल्यावर खावयाचें म्हणून, जेवणापूर्वींची गोळी घेऊन ठेविली होती. गाडी साडेनऊला सुटली. दशम्या गाडीच्या पोटांत गेल्याचें त्यांच्या लक्षांत आलें होतें. आम्हांस मात्र त्यांनीं तें सांगितलें नाहीं.

गाडी सुटली तशी मुआविन बाटली घेऊन आला आणि प्रत्येकाच्या ओंजळींत लिंबाच्या वासाचें कोलोन शिंपडीत गेला. आतां सर्वच गाड्यांत हा उपचार होत नाहीं. आमच्या गाडींत झाला. पूर्वीं तुर्की घरांत पाहुण्यांच्या हातांवर गुलाबपाणी घालीत. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मनींतील कोलोन शहराच्या नांवाचें हें सुगंधी पाणी आलें आणि गुलाबाची जागा लिंबानें घेतली. मागें वळून पाहिलें तों मातोश्री शेजारणीचें पाहून तळहात चोळून चेहऱ्यास लावीत होत्या. शेजारीण त्यांच्याच वयाची, डोक्यास फुलांचा रुमाल बांधलेली, अंगानें भक्कम अशी बाई होती. त्यानंतर चहा आला. बॉस्फरसवरील पूल ओलांडून गाडी युरोपांतून आशियांत शिरली तेव्हां मातोश्री कांचेस नाक लावून बसल्या होत्या. शिकविलेल्या धड्यांतील एक ओळ त्या प्रत्यक्ष ओलांडीत होत्या.

रात्रीं एकच्या सुमारास बोलूच्या डोंगराळ भागांत अर्ध्या तासाचा थांबा झाला. ह्या थांब्यांविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. कारण रात्रीच्या प्रवासाचें बरेवाईट येथेंच ठरतें. एका वेळीं दहा-बारा गाड्या उभ्या असतात व त्यांतील दोन-तीन एकाच कंपनीच्या, रंगारूपानें अगदीं जुळ्या बहिणी. अर्धवट झोंपेंत उतरलेला मनुष्य भलत्याच गाडींत चढण्याची पुरी सोय असते. मातोश्रींनीं उतरतांच गाडीच्या नंबराकडे पाहिलें. तुर्कस्तानांत नंबराचे पहिले दोन आंकडे प्रांताचे असतात : इस्तंबूलचा ३४, अंकाराचा ०६, नेवशेहिरचा ५०. आमची गाडी पन्नासची होती. "इतर सगळ्या चौतिसाच्या आहेत, आपली एकटी पन्नासाची," असें त्यांनींच आम्हांस बजाविलें. तीस वर्षें मुलींच्या सहली नेलेल्या बाईस हें शिकवावें लागत नाहीं.

आंत उपाहारगृह झगझगीत होतें. बोलूकडील मेंगेन हें गांव स्वयंपाक्यांसाठीं तुर्कस्तानभर प्रसिद्ध आहे, आणि त्या कीर्तीस साजेशी पातेलीं मांडलेलीं होतीं. मसुरीचें सूप वाफाळत होतें. त्यास तुर्कींत चोर्बा म्हणतात. आपला शोरबा तोच. आम्हीं फोनवरील भाषांतराच्या साहाय्यानें चौकशी केली तेव्हां कळलें कीं, तें मांसाच्या पाण्यांत शिजविलें आहे. वाढणाऱ्यानें लपविलें नाहीं, हा त्याचा चांगुलपणा. मग मातोश्रींनीं आयरान घेतलें. हें आपलें मीठ घातलेलें ताकच. तेंहि अर्धा पेलाच. आम्हीं पाव, पनीर, ऑलिव्ह आणि वर दोन पेले चहा असा समाचार घेतला. "तूं कांहींच कां खात नाहींस?" असें आम्हीं विचारलें. "इतक्या अपरात्रीं नको. गाडींत खाल्लें आहे," असें उत्तर मिळालें. गाडींत काय खाल्लें असेल, दशम्या कोठें आहेत, हा विचार आमच्या मनास शिवला नाहीं. पोट भरलेल्या माणसाची चौकशी अशीच वरवरची असते.

पुढील प्रसंग आम्हीं पाहिला नाहीं. आम्ही डोळ्यांवर पट्टी बांधून आणि कानांत बोळे घालून निजलों होतों. मातोश्रींनीं मागाहून सांगितलें तें असें. पावणेतीनच्या सुमारास त्यांना जाग आली ती दरदरून फुटलेल्या घामानें. हात थरथरत होते, छातींत धडधड होत होती, आणि जीभ जड झाली होती. काय होत आहे हें त्यांस समजलें. जेवणापूर्वीं घ्यावयाच्या कांहीं गोळ्या अशा असतात कीं, घेतल्यावर पोटांत अन्न गेलें नाहीं तर रक्तांतील साखर वाजवीपेक्षां खालीं उतरते. फार उतरली तर शुद्ध जाते. समजूनहि त्यांस उठवेना. आम्हांस हांक मारावी तर आम्ही सहा ओळी पुढें, आणि आवाज फुटेना. शेजारीण जागी झाली. तिनें कपाळास हात लाविला, तोंडाकडे पाहिलें, आणि तुर्कींत कांहीं विचारलें. मातोश्रींच्या तोंडून मराठी शब्द निघाला : "साखर... साखर."

तुर्कींत साखरेस 'शेकेर' म्हणतात. संस्कृतांतील शर्करा इकडे प्राकृतामार्गें साखर झाली, तिकडे फारसीमार्गें शेकेर झाली. आणि विशेष हें कीं, तेथील लोक मधुमेहासहि बोलण्यांत शेकेरच म्हणतात, जसें आपलीं वडीलधारीं माणसें 'त्यांना साखर आहे' असें म्हणतात. बाईस एका शब्दांत रोग आणि औषध दोन्ही कळलीं. तिनें स्वतःच्या पोटाशीं बोट टोंचून सुई घेतल्याची खूण केली. तिलाहि तोच आजार होता! लगेच तिनें अशी आरोळी ठोकली कीं, निम्मी गाडी जागी झाली. मुआविन धांवत आला. चहाबरोबर द्यावयाच्या साखरेच्या वड्या त्याच्या खणांत होत्याच. बाईनें एकामागून एक पांच वड्या मातोश्रींच्या तोंडांत घातल्या आणि वर आंबट चेरीचा गोड रस पाजला. आम्हांस जाग आली ती मुआविनानें खांदा गदगदां हलविल्यावर.

मागें जाऊन पाहिलें तों मातोश्रींचा चेहरा पांढराफटक पडलेला, केंस कपाळाला चिकटलेले, आणि त्यांचा हात त्या बाईच्या दोन्ही हातांत. साखर मोजण्याचें यंत्र त्यांच्या हातपिशवींत होतें. साखर खाल्ल्यानंतरचा आंकडा ५८ आला. सत्तरच्या खालीं गेला म्हणजे उपाय करावा असा दंडक आहे. त्या आधीं तो किती खालीं होता कोण जाणे! आणखी रस दिला. पंधरा मिनिटांनीं पुन्हां पाहिलें, ८४. गेलेला रंग हळूहळू परत येऊं लागला. आतां पोटांत कांहीं अन्न जाणें जरूर होतें, एरवीं साखर पुन्हां उतरली असती. "दशम्या कोठें आहेत?" आम्हीं विचारलें. "खालीं, सामानांत," मातोश्री म्हणाल्या. त्या वेळीं आम्हांस कळलें तें सगळें एकदम कळलें.

मुआविनास खुणांनीं सांगितलें. त्यानें चालकाच्या कानांत सांगितलें. पांच मिनिटांत गाडी महामार्ग सोडून एका पेट्रोलपंपावर उभी राहिली. दुसरा चालक झोंपेंतून उठून आला. तेथील नियमाप्रमाणें एका चालकास साडेचार तासांहून अधिक वेळ सलग गाडी हांकतां येत नाहीं, म्हणून लांबच्या गाडीवर दोघे असतात. दोघांनीं मिळून सामानाचा खण उघडला व पंचवीस-तीस पेट्या बाहेर काढून आमची पिशवी शोधली. थंडी चांगलीच झोंबत होती. वीस मिनिटें मोडलीं. चाळीस प्रवाशांपैकीं एकानेंहि घड्याळाकडे पाहून जिभेचा चकार काढला नाहीं. उलट दोघी बायका मातोश्रींस धरून प्रसाधनगृहापर्यंत घेऊन गेल्या. हें नमूद करण्याचें कारण असें कीं, पुढें अंकारा आल्यावर, रंग ठीक दिसूं लागल्यावर, मातोश्रींनीं आम्हांस खरी गोष्ट सांगितली. भूक लागली नव्हती असें नव्हे. बोलूस पाव-पनीर खातां आलें असतें. पण खाल्लें कीं पाणी प्यावें लागतें, पाणी प्यालें कीं उठावें लागतें, आणि गाडींत सोय नाहीं. मग परक्या देशांत, परक्या माणसांना, अपरात्रीं काय म्हणून सांगावयाचें? "आणि तुला तरी किती वेळां सांगावयाचें?" असें त्या म्हणाल्या.

आमच्या घरांतील बायका प्रवासांत पाणी कमी पितात, हें आम्हीं लहानपणापासून पाहिलें होतें. आजी एस.टी.च्या प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून चहा सोडीत असे. त्या गोष्टीस आम्हीं 'सोशिकपणा' असें नांव दिलें होतें आणि विषय संपविला होता. तिकिटाचा हिशेब करतांना तो कोणत्या रकान्यांत मांडावा, हें आम्हांस सुचलें नव्हतें.

त्या तुर्की बाईनें आम्हांसहि सोडलें नाहीं. दशमी खाऊन झाल्यावर तिनें आमच्या दंडावर एक चापट मारली आणि दोन-तीन मिनिटें आमची खरडपट्टी काढली. तुर्की भाषेचें आमचें ज्ञान दहा-वीस शब्दांचें. पण त्या भाषणांतील एकहि वाक्य आम्हांस अनाकलनीय राहिलें नाहीं. बोळे कानांत घालण्याची खूण करून तिनें जो अभिनय केला त्यावर मागची सारी ओळ हंसली. मग मातोश्रींनीं तिला अर्धी दशमी दिली व चटणी खालीं धरली. तिनें चटणीचा वास घेतला, चाखली, डोळ्यांस पाणी आणलें, आणि पुन्हां मागून घेतली. मुआविन मातोश्रींस 'तेझे' म्हणूं लागला. तेझे म्हणजे मावशी. वडील बाईस तेथेंहि मावशीच म्हणतात, हें ऐकून मातोश्री प्रसन्न झाल्या.

अंकारानंतर आम्हीं त्या ओळींतील एका तरुणाशीं आसन बदलून घेतलें आणि पलीकडच्या एकेरी जागेवर जागे बसलों. साडेपांचनंतर उजाडूं लागलें. उजवीकडे तूझ गोलू म्हणजे मिठाचें सरोवर पसरलें होतें. वान सरोवराच्या खालोखाल देशांतील हें दुसरें मोठें सरोवर. खोली अगदीं थोडी, पाणी अत्यंत खारें. कांठावरील पांढरी कड उन्हांत गुलाबी दिसत होती. मातोश्रींनीं आम्हांस आणि खुणांनीं शेजारणीसहि धडा दिला : नदी येते, बाहेर वाट नाहीं, पाणी आटतें, मीठ उरतें. शेजारीण मान डोलावीत होती. ती त्याच भागांतली. तिनें हें सरोवर जन्मभर पाहिलें असेल, पण शिक्षिकेचा मान राखला.

ती अक्सरायला उतरली. जातांना तिनें मातोश्रींच्या दोन्ही गालांचें चुंबन घेतलें आणि त्यांच्या हातपिशवींत वाळलेल्या जर्दाळूंची पुडी कोंबली. नांव विचारावयाचें राहून गेलें. मातोश्री कांचेंतून दिसेनाशी होईपर्यंत पाहत होत्या. पलीकडे हसन पर्वत बर्फाची टोपी घालून उभा होता. अशाच ज्वालामुखींनीं लाखों वर्षांपूर्वीं फेंकलेली राख थिजून कापादोकियाचा खडक झाला. आपला सह्याद्रि लाव्हारसाचा, काळा व कठीण. हा राखेचा, मऊ आणि पिंवळसर. म्हणून माणसानें तो पोखरून घरें केलीं, देवळें केलीं. सव्वाआठ वाजतां आम्ही गोरेमेस उतरलों तेव्हां पहांटे उडालेलीं मोठमोठीं बलूनें घड्या घालून गाड्यांवरून परत चाललीं होतीं. आकाशांतलीं पाहावयास आम्हांस उशीर झाला होता. सुळके मात्र जागच्या जागीं होते. मातोश्रींनीं पहिल्याच सुळक्यावर तळहात ठेविला, नखानें खरवडून पाहिलें, आणि "टफ," एवढेंच म्हणाल्या.

ज्यांच्या घरीं वडील माणसें घेऊन असा प्रवास करण्याचें घाटत असेल त्यांनीं इतकें अवश्य करावें. खाणें, औषध आणि पाणी एका लहान पिशवींत प्रवाशाच्या मांडीवर असावें, सामानांत नव्हे. गोळी अन्न समोर आल्यावरच घ्यावी, आणि कितीची कोणती हें डॉक्टरांस निघण्यापूर्वीं विचारून ठेवावें. साखर उतरल्यास चार-पांच साखरेच्या वड्या किंवा पेलाभर गोड रस, पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासणी, आणि मग अन्न. मनुष्य शुद्धीवर नसेल तर तोंडांत कांहीं घालूं नये. वैद्यकीय मदत बोलवावी. शेजारच्या प्रवाशास व मदतनिसास सुरुवातीसच आजाराची कल्पना द्यावी. राहिला प्रश्न सोयीचा. थांब्यांच्या वेळा आधीं विचारून वडील माणसांस सांगाव्या, आणि मध्येंच गाडी थांबवावी लागली तर ती थांबविण्याचें काम आपलें आहे, त्यांचें नव्हे, हें त्यांस स्पष्ट शब्दांत सांगावें. त्या आपण होऊन विचारणार नाहींत.

चार दिवसांनीं परतावयाचें होतें. आम्हीं मुकाट्यानें विमानाच्या तिकिटांची चौकशी चालविली होती. मातोश्रींनीं ती थांबविली. रात्रीचीच गाडी हवी, म्हणाल्या. मिठाचें सरोवर चांदण्यांत कसें दिसतें तें पाहावयाचें आहे. आम्ही गोरेमेच्या बसस्थानकावर तिकिटें काढण्यास गेलों. ह्या वेळीं गाडी निम्मी रिकामी होती आणि खिडकीवरील मुलानें मायलेकांसाठीं शेजारशेजारचीं दोन आसनें दाखविलीं. मातोश्रींनीं मान हलविली, चित्रांतील आसनांवर बोट फिरविलें, आणि एकट्या बाईशेजारचें एक निवडलें. मुलगा पुढें कोठेंहि बसला तरी चालेल, म्हणाल्या.